खारवडचे सात बीच

बढाई मारायची प्रियदर्शनीला सवय नव्हती, म्हणूनच पहिल्या खेपेला ती एवढी मोठी मारून बसली.

शुक्रवारची सकाळ होती. भामाचं न्हाणं नुकतंच आटोपलं होतं. अकरा महिन्यांची ती पोर तेलानं अशी निसटत होती की धरावी कुठं हेच कळेना. तेवढ्यात फोन वाजायला लागला. एक वाजला, दुसरा वाजला, मग थांबेचना. सुरजचे फोटो येत होते.

सुरज म्हणजे प्रियदर्शनीचा नवरा, बार्बाडोस बेटावरच्या एका हॉटेलात स्वयंपाकी. वर्षाच्या करारावर गेला होता. तो तिथं पोहोचला आणि बाराव्या दिवशी इकडं भामा जन्मली. बारसं त्यानं फोनवर पाहिलं, पहिला दात फोनवर पाहिला. पोरीला हातात म्हणून घेतलं नव्हतं. मे संपला की करार संपणार होता, आणि घरात प्रत्येकजण आपापल्या परीनं दिवस मोजत होता. सासरे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजायचे, सासूबाई बोटांवर. प्रियदर्शनी मनातल्या मनात मोजायची आणि विचारलं तर म्हणायची, "मला कुठं आठवतंय?"

फोटोंच्या मागोमाग त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं गुरुवारची रात्र होती. दिवसभर उन्हात फिरून तो भाजलेल्या वांग्यासारखा काळा झाला होता.

"बघितलेस का? सुट्टी होती. आमी चौघांनी गाडी घेतली भाड्यानं अन् सगळं बेट हिंडलो. एका दिवसात बारा बीच! हे बाथशेबा, हे क्रेन, हे बॉटम बे. प्रत्येकाला नाव हाय बघ."

प्रियदर्शनीनं एका हातानं भामाला आवरत दुसऱ्या हातानं फोटो सरकवले. पाणी मोरचुदासारखं निळं, वाळू रव्यासारखी. एका फोटोत सुरज गुडघाभर पाण्यात हात पसरून उभा होता. तिचं लक्ष त्या पसरलेल्या हातांवरच गेलं.

"कसंय?"

"चांगलंय."

"नुसतं चांगलंय? अगं, आपल्याकडं काय हाय बघायला? बाभळी अन् टँकर." तो हसला. मग डोकं खाजवत, जणू आत्ताच आठवलंय असं दाखवत म्हणाला, "मालक म्हणायलाय आणखी सहा महिने थांब. सोमवारी सांगायचंय. काय करू?"

'या' एवढंच म्हणणं पुरेसं होतं. एक अक्षर. पण ते तिला म्हणायचं नव्हतं. बोलावलं म्हणून आलेला माणूस आणि राहवलं नाही म्हणून आलेला माणूस यांत फरक असतो, आणि तिला दुसरा हवा होता. सहा महिने म्हणजे नोव्हेंबर. तोवर भामा चालायला लागेल, बोलायला लागेल, आणि फोनमधल्या माणसालाच बाप म्हणायचं असतं असं धरून चालेल.

"आमच्याकडं बी बीच हायेत," ती म्हणाली.

"कुठं?"

"धरणाला. सात."

सात हा आकडा कुठून आला ते तिचं तिलाच कळलं नाही.

"सात?" सुरज उठूनच बसला. "मी तिथंच लहानाचा मोठा झालो की गं! नावं सांग."

"हायेत की नावं. तुमी कधी बघितलं असतं तर कळलं असतं."

"मग दाव. रविवार संध्याकाळपर्यंत. नावासकट! न्हाई दावलेस तर मी सहा महिने हितंच."

तो चेष्टेतच म्हणाला होता. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ ती ओल्या पोरीला पदरात गुंडाळून न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून राहिली.

तिनं सगळं रोहिणीला सांगितलं. रोहिणी तिची नणंद. कॉलेज संपवून वडिलांची दुधाची पिकअप चालवायची. पहाटे वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून तेलगावच्या डेअरीत घालायचं, हे तिचं काम. गाडी अशी चालवायची की कॅन बसल्या जागी डोलायचे, पण थेंब सांडायचा नाही.

"वहिनी, तुमी थोर हायेत," रोहिणी म्हणाली. "आपल्या धरणाला काठ हाय, गाळ हाय, म्हशी हायेत. बीच कुठला? अन् सात?"

"उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जमीन उघडी पडती ना? कुठंतरी वाळू असंलच."

"असली तरी नावं कुठनं आणायची?"

"बीच म्हंजी काय गं?" मागून आवाज आला. सासूबाई, चंद्रभागाबाई, लसूण सोलत होत्या. दोघींना वाटलं होतं, त्यांना ऐकू जात नाहीये.

"पाण्याचा काठ, आत्याबाई," प्रियदर्शनी म्हणाली. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची. "वाळूचा. लोक येऊन बसतात तिथं."

"बसून?"

"पाणी बघतात."

"मग?"

"मग घरी जातात."

चंद्रभागाबाईंनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "हे तर आमी म्हशी घेऊन रोज करीत होतो. त्याला इमानात बसून कावून जावं लागतंय?" मग पदर झटकून उठल्या. "मी येते. तुमाला नावं काय ठावं? धरणाच्या पोटात खारवड हाय. माझं माहेर."

सासरे बद्रीनाथ एवढंच म्हणाले, "आधी दूध घाला. मग कुठला समुद्र बघायचा तो बघा."

रविवारी दूध घालून साडेसहालाच पिकअप निघाली. पुढं रोहिणी, तिच्या शेजारी भामाला मांडीवर घेऊन चंद्रभागाबाई. मागच्या उघड्या हौद्यात, रिकाम्या कॅनच्या जागी पोतं अंथरून प्रियदर्शनी. ती फार वेळ बसली नाहीच. केबिनच्या मागचा गज धरून उभी राहिली, पदर खोचला, फोन हातात घट्ट धरला. लग्नाआधी मैत्रिणींच्या लग्नात तिनं काढलेले फोटो लोक अल्बममध्ये लावायचे. भामा झाल्यापासून मात्र फोनमध्ये भामाच होती. झोपलेली भामा, रडणारी भामा, पुन्हा झोपलेली भामा. वाऱ्यानं तिचे केस सुटले आणि आपण कुणीतरी निराळ्याच बाई आहोत असं तिला क्षणभर वाटलं.

वडवणीचा रस्ता सोडून गाडी धरणाकडं वळली. पहिला काठ पाहून तिचं अवसानच गेलं. पांढरट मातीचा उतार, त्यावर प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक फुटकं सूप.

"हे पांढरीचं," खिडकीतून चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"काय?"

"शेत गं. पांढरी माती, म्हणून पांढरीचं. हितं आमची ज्वारी असायची."

तेव्हा प्रियदर्शनीच्या लक्षात आलं. गावात प्रत्येक शेताला नाव असतंच. गट नंबर तलाठ्याला ठाऊक, माणसं नावानंच ओळखतात. खारवड बुडालं, पण शेतांची नावं चंद्रभागाबाईंबरोबर तेलगावला नांदायला आली होती. चाळीस वर्षांत ती कुणी विचारलीच नव्हती.

तिनं हौद्यातून उडी मारली, बाटल्या बाजूला केल्या, आणि गुडघे टेकून पार खाली वाकून फोटो काढला. खालून पाहिलं तर पांढरी माती सरळ पाण्यात उतरत होती, आणि पाणी आभाळाला लागलं होतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता.

"आगं बया!" फोन बघून रोहिणी म्हणाली. "हे बीच हाय की खरंच!"

मग गाडीत चैतन्य आलं. मात्र वाट दाखवायला चंद्रभागाबाई होत्या, आणि त्यांची वाट चाळीस वर्षांपूर्वीची होती.

"हां, आता सरळ. बंकटच्या विहिरीवरनं डावीकडं."

"आये, पुढं पाणी हाय."

"पाण्याखाली वाट हाय की! चांगली बैलगाडीची."

"ही पिकअप हाय, होडी न्हाई!"

"मग सुसरीवानी कडंकडंनं घे. तुला कुणी शिकवली गाडी?"

असं भांडत भांडत थडीचं सापडलं. तिथं म्हशी डुंबत होत्या आणि गुराख्यानं फोटोसाठी म्हशींना ओळीत उभं करायचा फार प्रयत्न केला. मग हुडीचं, नुसते गोल गोल गोटे. मग जांभळीचं. जांभळीचा सुकलेला बुंधा अजून काठाशी उभा होता. चंद्रभागाबाई खाली उतरल्या, बुंध्यावर हात ठेवला आणि परत येऊन बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हिची जांभळं आंबट होती. लई आंबट." प्रियदर्शनीनं तो फोटो पाठमोराच काढला.

चार बीच झाले. नऊ वाजले होते, ऊन चटका द्यायला लागलं होतं. भामानं तिच्यासाठी थापलेली छोटी भाकरी, चानकी, अर्धी खाल्ली, अर्धी आजीच्या लुगड्याला पुसली.

पाचव्याच्या वाटेवर घोटाळा झाला. समोर भेगाळलेली, खडखडीत जमीन होती. रोहिणीनं गाडी बिनधास्त घातली. दहा-पंधरा हात गेली असेल नसेल, आणि मागची चाकं अशी खाली बसली की हौद्यात उभी असलेली प्रियदर्शनी सरळ मटकन खाली बसली. वरून पापडासारखा कडक असलेला गाळ आतून शिऱ्यासारखा होता. रोहिणीनं जोर लावला तशी चाकं आणखी रुतली आणि प्रियदर्शनीच्या अंगावर काळ्या गाळाचा सडा पडला.

"बंद कर! बंद कर बाई!" ती ओरडली. भामाला ते सगळं भयंकर आवडलं. ती टाळ्या वाजवायला लागली.

जवळच गाळात टरबुजाचे वेल पसरले होते. तिथल्या खोपटातून एक उंच म्हातारा बाहेर आला. धोतर, बनियन, डोक्याला उपरणं. कमरेवर हात ठेवून त्यानं आधी गाडी पाहिली, मग माणसं.

"गाळात गाडी घालीत असत्यात व्हय? कुणीकडची पावणी?"

"तेलगावची. जरा बैलं लावता का, काका?" रोहिणी म्हणाली. "आमी ते लिंबाचं बघायला आलतो."

"लिंबाचं?" म्हातारा थबकला. "हे लिंबाचं न्हाई. हे डोणीचं. आमचं."

चंद्रभागाबाई खाली उतरल्या. "डोणीचं पलीकडं. हे लिंबाचं. माझ्या बापाचं."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "तू त्रिंबकची चंद्री न्हवं?"

"अन् तू अर्जुनराव. अजून बांध कोरायलास व्हय? शेत पाण्यात गेलं तरी?"

"बांध तुझ्या बापानं कोरला!"

"माझ्या बापानं? दर नांगरटीला तासाची एक एक ओळ आमच्याकडं सरकत होता तुमचा नांगर!"

"आये," रोहिणी रडकुंडीला आली, "चाळीस वर्षं झाली. शेत सरकारचं झालं. पाण्याखाली हाय!"

"आत्ता कुठं पाण्याखाली हाय? आत्ता उघडं हाय ना?" चंद्रभागाबाई म्हणाल्या. त्यावर दोन्ही म्हाताऱ्यांचं एकमत झालं, तेवढ्याच एका गोष्टीवर.

अर्जुनराव खोपटाच्या सावलीत जाऊन बसले. "डोणीचं म्हणा, बैलं लावतो."

"राहू दे गाडी हितंच," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या बाजूला बसल्या.

प्रियदर्शनी गाळानं माखलेली मधोमध उभी. डोक्यावर ऊन, कडेवर भामा, हातात चार फोटो, आणि सोमवार उद्यावर. तिला एकाएकी हसू फुटलं. ती म्हणाली, "काका, आत्याबाई, दोघंबी काठावर उभं ऱ्हावा. कुठनं कुठवर कुणाचं ते हातानं दाखवा. मी फोटो काढते अन् दोन्ही नावं लिहिते. आत्याबाईंच्या सुरजला पाठवायचाय, तिकडं समुद्रापल्याड."

"पल्याड?" अर्जुनरावांनी उपरणं सारखं केलं. "तिकडं समजंल का बांध कुठंय ते?"

"म्हणून तर नीट दाखवा."

"आदी कुणाचं नाव लिव्हणार?"

"जो गाडी काढंल त्याचं."

अर्जुनराव तडक उठले. फोटो झकास आला. मागं झगझगणारं पाणी, पुढं दोन म्हातारी माणसं, एकाचा हात पूर्वेला, एकीचा पश्चिमेला, आणि दोघांचीही तोंडं उघडी. मग बैलं आली, साखळी लागली, अर्जुनरावांनी आणि रोहिणीनं मिळून आरडाओरडा केला, आणि चर्र आवाज करत पिकअप गाळातून वर आली. चंद्रभागाबाईंनी तोंड फिरवलं होतं, पण गाडी निघाल्यावर हळूच म्हणाल्या, "बैलं चांगली हायेत."

त्यानंतर अर्जुनरावांनी टरबूज फोडलं. पाणी आठवत, शाळा आठवत, कोण गेलं कोण राहिलं ते सांगत दोघंही खात बसले. भामा सालीपर्यंत पोहोचली. सहावा काठ अर्जुनरावांनीच दाखवला. खळवाटीचं. तिथं खळी असायची, त्याबद्दल मात्र वाद नव्हता.

"अन् सातवं?" प्रियदर्शनीनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग अर्जुनराव उठले आणि टरबुजांच्या वेलांपलीकडं चालू लागले. सगळ्या त्यांच्या मागं निघाल्या. टेकाडाआड नदीनं आणलेल्या बारीक वाळूची एक जीभ लांबवर पाण्यात गेली होती. स्वच्छ, करड्या रंगाची, पाऊल न उमटलेली. दोन्ही बाजूंनी पाणी हलके हलके वाळू चाटत होतं.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "हितं पहिलं काहीच नव्हतं."

"नवं हाय," अर्जुनराव म्हणाले. "नदीनं केलेलं. अन् पोळ्याच्या आत पुन्हा पाण्याखाली जाणार. मग पुढच्या उन्हाळ्यात, तेबी पाण्यानं मन मोठं केलं तर. मागं चार वर्षं उघडं पडलंच न्हाई."

प्रियदर्शनीनं भामाच्या पायातले वाळे सावरले आणि तिला पाण्याच्या कडेला उभं केलं. दोन्ही बगलांत धरलं होतं, तरी उभीच म्हणायची. पाणी पावलांना लागलं तशी भामानं श्वास आत ओढला, आईकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, आणि अशी किंचाळली की पलीकडं बसलेले पाणकावळे उडाले. पुन्हा पाणी आलं. पुन्हा किंचाळली. प्रियदर्शनीच्या साडीचा काठ भिजला, तिला भान नव्हतं. रोहिणीनं पुढं होऊन भामाला धरलं तेव्हा कुठं तिला फोन आठवला.

संध्याकाळी सहाला, न्हाऊन माखून, तिनं फोटो पाठवले. एकेकाखाली नाव लिहिलं. पांढरीचं. थडीचं. हुडीचं. जांभळीचं. डोणीचं किंवा लिंबाचं (वाद चालू). खळवाटीचं. मग अंगठा थांबला. सातवा फोटो तिनं उघडला. भामाचे भिजलेले पाय, वर झालेले हात. बराच वेळ बघत राहिली. आणि पाठवला नाही.

पाच मिनिटांत कॉल आला. सुरजच्या डोक्यावर स्वयंपाक्याची टोपी होती, मागं भांड्यांचा आवाज.

"अगं, हे आपलं धरण हाय? खरं सांग! अन् आये कुणाशी भांडायलीय?"

"डोणीच्या मालकाशी."

"ही नावं तुला कुणी सांगितली?"

"तुमच्या आईनं. तुमाला बी सांगितली असती, तुमी कधी विचारलं न्हाई."

तो एक एक फोटो पुन्हा बघत असावा. स्क्रीनवर त्याची नजर खाली गेली होती, ओठ नावं पुटपुटत होते. जांभळीपाशी जरा जास्त थांबला. "ही आये हाय ना? पाठमोरी?"

"हां."

"सहाच झाले की पण," तो मग म्हणाला. "सातवा?"

"हाय. काढलाय."

"मग टाक की."

"न्हाई."

"कावून?"

"नावासकट म्हणलता ना तुमी? त्याला नाव न्हाई. कुणाचं शेतच नव्हतं ते."

"मग ठेव एखादं."

"मी कावून ठेवू? सहा तुमच्या आईनं सांगितली. हे तुमी ठेवा. पण न बघता कसं ठेवाल?"

"म्हणून तर फोटो टाक म्हणतोय!"

"फोटोत किंचाळी येत न्हाई," प्रियदर्शनी म्हणाली.

"कुणाची किंचाळी?"

मागं कुणीतरी इंग्रजीत त्याला हाक मारली. तो "येस, येस" म्हणाला, पण हलला नाही.

"पोळ्याच्या आत पाणी चढतंय त्याच्यावर," ती हळू आवाजात म्हणाली. "मागं चार वर्षं उघडं पडलंच नव्हतं."

सुरजनं टोपी काढली. त्याची बोटं हलताना दिसली. जून, जुलै, ऑगस्ट. नोव्हेंबरपर्यंत ती पोहोचलीच नाहीत, मधेच थांबली. अगदी त्याच्या आईसारखा तो बोटांवर मोजत होता.

"पोळ्याच्या आत म्हंजी किती आत?" त्यानं विचारलं.

"ते पावसावर."

"मग कशाला जोखीम घ्यायची? मालकाला उद्या सांगण्यापेक्षा आत्ताच सांगतो. एकतीसलाच निघतो. चालंल?"

प्रियदर्शनीला शुक्रवारसारखं काहीतरी ठणकावून बोलायचं होतं. पण ती नुसती मान हलवत राहिली, हलवतच राहिली, आणि हातातला फोन कधी छताकडं वळला हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"अगं, नुसता पंखा दिसायलाय!" सुरज तिकडून ओरडला. "हो म्हणलीस का न्हाई म्हणलीस?"